दोन दिवस न उघडलेली पट्टी

जखम स्वच्छ करण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. मोताळा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी तीस वर्षं नर्स आहे, आणि पट्टी बांधताना कुणी शहाणपणा शिकवलेला मला खपत नाही. म्हणूनच त्वचेच्या डॉक्टरीणबाई जेव्हा म्हणाल्या, "दोन दिवस ही पट्टी उघडायची नाही," तेव्हा मला ते मुळीच पटलं नाही. पाय माझ्या नवऱ्याचा होता.

दोन वर्षांपूर्वी शेताला कुंपण करताना त्यांच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला. मी ड्युटीवर होते. सासूबाईंनी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरला आणि त्याचं तापलेलं काळं तेल काट्याच्या जागी सोडलं. संध्याकाळी तो डाग पाहून मी घर डोक्यावर घेतलं. पुढे तिथेच गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून यांनी मनावर घेतलं नाही. वर्षभराने तिला भोकं पडली, पाणी येऊ लागलं. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, फरक काही पडेना. रोज सकाळी पट्टी सोडली की मोहरीपेक्षा बारीक काळे कण निघत. बिब्ब्याची घाण अजून निघतेय, असं सासूबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत मी ते पुसून फेकत असे.

त्या एकदाच बोलल्या. "काऊन वं बाई, इतके दिवस निंगते का बिब्बा?" मी कण पुसलेला कापूस त्यांच्यासमोरच फेकून दिला.

मग सर्जननी पाय दाबून पाहिला आणि सांगितलं, हाडात शिरलं असेल तर पाऊल काढावं लागेल. हे आपल्या चपलेकडे बघत बसले. मी घाबरले, साफ घाबरले. सर्जननीच आम्हाला बुलढाण्याला त्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

"जखमेतून दाणे येतात का?" बाईंनी विचारलं.

"छे! मी रोज स्वच्छ करते," मी ठणकावून सांगितलं.

"मग दोन दिवस करू नका. काट्याबरोबर मातीतली बुरशी आत गेली असेल, तर ती दाण्यांच्या रूपात बाहेर पडते. जंतूंमुळेही अगदी असाच आजार होतो, पण औषध वेगळं. पट्टीला दाणा चिकटून आला तरच मला ठरवता येईल."

ते दोन दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. पट्टी ओली झाली, वास सुटला. दर तासाला माझा हात कात्रीकडे जाई. यांनी मला हटकलं, "काय पाहून राह्यली? पाय पळून नाही जात कुठं." मी हसले आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, आणि डोळ्यांसमोर सारखा तो पाऊल नसलेला पाय येत होता.

तिसऱ्या दिवशी बाईंनी चिमट्याने पट्टी सोडवली. कापडावर दहा-बारा काळे दाणे होते. मी ते लगेच ओळखले; रोज सकाळी मी पुसून फेकत होते, तेच. बाईंनी एक दाणा काचेवर चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. बुरशीच. एक्स-रेमध्ये हाड अजून शाबूत दिसलं. वर्षभर तरी कॅप्सूल, यकृतासाठी दर महिन्याला रक्ताची तपासणी, आणि एवढं करूनही पाय वाचेलच असा शब्द त्यांनी दिला नाही. आणखी उशीर झाला असता तर, एवढं म्हणून त्या थांबल्या.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "काय निंगालं?"

"बुरशी. काट्याबरोबर मातीतून गेली."

"बिब्बा नाही?"

"नाही, आत्याबाई."

त्यांनी माझा पदर घट्ट धरला. "मंग माह्या पोराचा पाय म्या नाही ना घालवला?"

"नाही," मी म्हणाले. घालवत मी होते, हे त्यांना सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.