तुरेकेंची पट्टी

आमचे शेजारी तुर्लिबेक, ज्यांना सगळी इमारत मानाने तुरेके म्हणते, रस्ते आखायच्या कचेरीतून निवृत्त झाले ते एक लाकडी पट्टी घेऊन. अल्माटीवरच्या डोंगरातले निम्मे रस्ते याच पट्टीने आखले, असं ते सांगत. उरलेले निम्मे दर वसंतात का खचतात, हेही तेच सांगत.

आम्ही समोरासमोर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, आणि त्यांच्या बायकोचे, बाल्झान वहिनींचे, गुडघे गेलेले. दोन हिवाळे त्या खाली उतरल्या नव्हत्या. तळमजल्यावरचा शेजारी घर विकून लेकाकडे जाणार होता. मार्चातल्या नौरोजच्या सणापर्यंत थांबतो म्हणाला. तुरेकेंनी साठवलेलं सगळं तांब्याच्या खाणीच्या शेअरमध्ये घातलं. टार्गेट आलं की विकायचं आणि खालचं घर घ्यायचं.

टार्गेट कसं काढायचं ते त्यांनी मला शिकवलं, माझाच चहा पीत. कागदावरच्या आलेखात भाव जिथे जिथे खाली टेकला तिथून एक रेघ, आणि शिखरांवरून तिला समांतर दुसरी. हा झाला चॅनेल. भावाने वरची रेघ ओलांडली की दोन्हींत जेवढं अंतर, तेवढाच तो आणखी चढतो. मलाही पटलं. मीही शेअर घेतले.

पट्टी कधी चुकली नाही. चुकायची वेळच तिला मिळाली नाही. टार्गेट दोन हजार तेंगे होतं. भाव तिथे पोचला त्याच दुपारी तुरेकेंना आणखी मोठा चॅनेल दिसला. मग बावीसशे. तेही आलं, लगेच चोवीसशे. वहिनी विचारत, घर कुठवर आलं? ते म्हणत, वर चाललंय.

नौरोजला आठवडा उरला असताना आम्ही दोघं माझ्याकडे चहा घेत बसलो होतो. पट्टी तुरेकेंच्या काखेत. वहिनी भिंत धरत धरत आल्या, हातात नवऱ्याचा फोन.

"सुयिंशी," त्या दारातूनच म्हणाल्या. आनंदाची बातमी आणणाऱ्याने हे म्हटलं की तो मागेल ते द्यायचं. नाही म्हणणाऱ्याला आमच्याकडे कुणी दारात उभं करत नाही.

"चोवीसशे झाले वाटतं," तुरेके ऐटीत म्हणाले. "माग. शाल? बूट?"

"बूट घालून जाऊ कुठे? पट्टी द्या."

तुरेके हसले, मग हसायचे थांबले. "पट्टीचं काय करणार तू?"

"ते माझं मी बघीन. देताय की नाही, शेजाऱ्यांसमोर सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहात पाहत राहिलो. पट्टी गेली. मग त्यांनी हातानेच नवा चॅनेल ओढून पाहिला, तो वाकडा आला, आणि वाकड्या रेघेवर त्या माणसाने जन्मात विश्वास ठेवला नव्हता. अर्ध्या तासाने त्यांनी ब्रोकरला फोन करून सगळे शेअर विकले.

आता वहिनी अंगणातल्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी भांडतात. पट्टीने त्या बेशबर्माकच्या, म्हणजे मटणाबरोबर उकडायच्या, कणकेचे चौकोन कापतात. तुरेके भेटेल त्याला सांगतात, टार्गेट तेंगेपर्यंत अचूक आलं. खरंच आहे, भाव त्यानंतर वर गेला नाही.

मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण माझे शेअर अजून माझ्याकडेच आहेत. चोवीसशेला मलाही मोठा चॅनेल दिसला होता, आणि माझी पट्टी मागायला कुणी नव्हतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली. काल वहिनींनी खालून जेवायला हाक मारली. जिने उतरताना माझाही गुडघा दुखला.