माईकसमोर पदर सावरून

रेडिओत काम करणाऱ्या माणसाकडं किस्से कसे साचतात, सांगू? मुलाखत वाजते अर्धा तास. पण त्यासाठी आम्ही त्या घरात सगळी दुपार बसलेलो असतो. चहा होतो, परत चहा होतो, शेजारीण डोकावून जाते, कोंबडी माईकच्या वायरवर चढते. हे सगळं एडिटिंगमध्ये कापलं जातं. आणि कापलेलं कुठं जातं? माझ्याकडं येतं!

लोहाऱ्याच्या बाजूला आमचं छोटंसं रेडिओ केंद्र. एक स्टुडिओ, एक कुरकुरणारा पंखा आणि रेकॉर्डिंग सांभाळणारे मुजावरभाई. गावोगावच्या माणसांशी गप्पा मारायच्या, त्यांची गाणी, सण, जुन्या आठवणी लोकांना ऐकवायच्या, असा माझा कार्यक्रम होता. कधी एसटीनं, कधी माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं आम्ही दोघं निघायचो. मशीनची बॅग मुजावरभाईंच्या मांडीवर. ती त्यांनी कधी कुणाच्या हातात दिली नाही, अगदी कंडक्टरनं मदत म्हणून हात पुढं केला तरी! आता तो कार्यक्रम नव्या पोरी करतात. चांगला करतात. पण दुपारी रेडिओ लावला की मला भलतंच ऐकू यायला लागतं.

*

माझी पहिली मुलाखत गंगूआजींची. हळदीची गाणी म्हणावीत तर त्यांनीच, असं अख्खं गाव सांगायचं. मी माईक पुढं केला, तशी आजींनी पदर डोक्यावरून ओढला, तो पार कपाळाच्या खाली.

"आजी, रेडिओत कुणी दिसत नाही," मी म्हणाले.

"पर ऐकू तर जातंय न्हवं? माज्या सासरच्या गावाला जाईल का?"

"जाईल की."

"मग! थोरले दीर हायत तितं. त्यांच्याम्होरं म्या आजवर तोंड उघडलं न्हाय. अन् आता उघड्या डोक्यानं गाऊ व्हय?"

पदर डोक्यावर घेऊन आजी जे गायल्या, ते ऐकून मुजावरभाई मशीन बंद करायचं विसरले.

कार्यक्रम लागला आणि थोरल्या दिरांचा नातू निरोप घेऊन केंद्रावर आला. दिरांचं वय झालेलं, हिंडणं-फिरणं बंद. निरोप असा: "धाकट्याच्या मालकिणीला एवढा गळा हाय, हे मला आज कळलं. तिला विचारा, इतकी वर्षं कामून गप बसली?"

मी मुद्दाम वाकडी वाट करून तो निरोप आजींना पोचवला. आजींनी आधी पदर सावरला. मग पदराआडून म्हणाल्या, "तेंनीच बसवलं की!"

*

बिरूतात्या मूळचे ईटचे, तिकडं भूम तालुक्यातले. पिकं निघाली की मेंढरं घेऊन आमच्या भागात यायचे आणि खतासाठी लोकांच्या रानात बसवायचे. मुलाखतीत त्यांनी मेंढरांशी कसं बोलतात ते करून दाखवलं. पाण्याला न्यायची हाक वेगळी, मुक्कामाकडं वळवायची वेगळी, पिकात तोंड घालणारीला घालायची शिवी वेगळी! शिवी आम्ही कापली. बाकी सगळं ठेवलं.

भर दुपारी कार्यक्रम लागला आणि थोड्याच वेळात तात्यांचा फोन.

"ताई, काय करून ठिवलंत हो! म्या बाभळीखाली भाकर खात बसलोय, तोंडातनं शब्द काढला न्हाय, अन् मेंढरं माझंच ऐकून वढ्याकडं निघाली की!"

"अहो तात्या, मग हाक मारून थांबवा."

"मारली! ऐकंनात! तुमच्या रेडिओतला बिरू लई मोठ्यानं वरडतोय!"

*

एका गावच्या सरपंचांना मी विचारलं, "गावात कुठल्या जुन्या कला आहेत?"

"कलेसाठी आपण सभामंडप बांधून घेतलाय."

"छान. पण गाणारी, वाजवणारी माणसं?"

"त्यांच्यासाठीच सभामंडप बांधलाय."

"मंडपात कार्यक्रम होतात का?"

सरपंचांनी घसा साफ केला. तेवढ्यात आतून, चुलीपासून, त्यांच्या मालकीणबाई ओरडल्या, "त्यात आपलं सोयाबीन हाय म्हणून सांगा की!"

मुजावरभाईंनी हेडफोन काढला आणि म्हणाले, "बाई, आवाज एकदम साफ आलाय. ठेवू का?"

*

जुन्या कुस्त्यांवर आम्ही दोन कार्यक्रम केले. एकात महादू पैलवान, पुढच्या आठवड्यात शंकरअण्णा. दोघंही सत्तरी ओलांडलेले, गावं वेगळी, एकमेकांशी जाणं-येणं नाही. आम्हाला काय ठाऊक, की तरुणपणी एका जत्रेत हे दोघं एकमेकांशीच भिडले होते! महादू पैलवान म्हणाले, "म्या त्याला पाडला." पुढच्या आठवड्यात शंकरअण्णा म्हणाले, "म्या त्याला पाडला." दोन्ही कार्यक्रम वाजून गेल्यावर ही गोष्ट आमच्या ध्यानात आली.

तालुक्यात नुसती चर्चा! चहाच्या टपरीवर दोन पार्ट्या पडल्या. मी घाबरत घाबरत महादू पैलवानांना फोन केला.

"पैलवान, ऐकलं का तुम्ही?"

"ऐकलं की. समद्या घरानं ऐकलं."

"खरं काय ते सांगा. पुढच्या कार्यक्रमात आम्ही खुलासा करतो."

पैलवान म्हणाले, "कशाला? त्याची नातवंडं ऐकत बसली असत्याल. ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी शंकरअण्णांचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, "महादूनं ऐकलं का हो? काय म्हणला?"

मी जे झालं ते सांगितलं. 'त्याची नातवंडं ऐकत असतील, राहू द्या.'

  अण्णा म्हणाले, "मग आता पाडलं की त्यानं मला!"

*

कमलमावशींची मुलाखत खरं तर हुलग्याचे शेंगोळे कसे करायचे, यावर होती. पण शेंगोळे राहिले बाजूला आणि मावशी माहेरच्या विहिरीत शिरल्या. लहानपणी भावांबरोबर पैज लावून काठावरून उडी मारायच्या, तळातला खडा वर घेऊन यायच्या, वडील काठी घेऊन आले की पाण्यातच बसून राहायच्या. "लगीन ठरलं अन् इहीर बंद," एवढं म्हणून त्या हसल्या आणि परत शेंगोळ्यांवर आल्या.

मावशींची लेक सुवर्णा सीमेपलीकडं, कर्नाटकात दिलेली. आमचं केंद्र तिला फक्त गच्चीवर लागायचं, तेही टाकीच्या एका बाजूला उभं राहिलं तर. कार्यक्रम संपल्यावर तिचा फोन आला.

"ताई, माझ्या आईला पवता येतं?"

"अगं, तुला माहीत नाही?"

"न्हाय हो. आमी रोज फोनवर बोलतो. पर ती नुसतं माझंच इचारती. जेवलीस का, लेकरं कशी हायत, सासू बरी हाय का. तिचं म्हणून कधी काय बोलतच न्हाय." मग घाईघाईनं म्हणाली, "ते परत कधी लावणार हो? मला परत ऐकायचंय. आता निम्मं वाऱ्यानं गेलं."

आम्ही तो कार्यक्रम परत लावला. मुजावरभाईंनी कुणाला न विचारता शेंगोळ्यांचा भाग कमी केला आणि विहिरीचा सगळा ठेवला.

*

आणि सास्तूरच्या सुंदराबाई.

त्र्याण्णवच्या भूकंपाची तारीख जवळ आली की त्या गावात दरवर्षी कुणी ना कुणी कॅमेरा घेऊन यायचं आणि त्या रात्रीचं विचारायचं. जुनं गाव त्या रात्री पडलं, नवं दुसऱ्या जागी वसवलेलं; सुंदराबाईंच्या घरातली माणसंही त्या रात्रीच गेलेली. त्या कुणाशी बोलायच्या नाहीत. पाहुणा दिसला की आत जाऊन दार लावून घ्यायच्या. मी गेले, तेव्हाही उठल्याच होत्या.

मी म्हणाले, "मावशी, मला त्या रात्रीचं काही विचारायचं नाही. जुन्या गावात मी तुमच्याकडं पाहुणी म्हणून येणार असते, तर एसटीतून उतरून कशी आले असते, तेवढं सांगा."

त्या उंबऱ्यातच थांबल्या. मग येऊन ओट्यावर बसल्या.

"फाट्यावर उतरायचं. आधी लागती पिठाची गिरणी. तितून डाव्या हाताला वळायचं..."

हळूहळू शेजारच्या बाया जमल्या. "गिरणीच्या आधी कासाराचं घर, सुंदराकाकू!" एक म्हणाली. "आगं, ते मागल्या बोळात," दुसरी म्हणाली. कुणाच्या दारात चिंच, कुणाच्या घरात सदा रेडिओ लावलेला, कुणाचा कुत्रा चावरा, सगळं निघालं. हसणं सुरू झालं. मुजावरभाई मला नजरेनं सांगत होते, बोलू नका, चालू द्या.

सुंदराबाईंची पुतणसून शोभा, लग्न होऊन पुनर्वसनाच्या गावातच आलेली, जुनं गाव तिनं पाहिलेलंच नाही. ती म्हणाली, "आत्या, मला न्हाय कळत. चिंचंपासनं कुठं वळायचं?"

"बसून न्हाय सांगता यायचं," सुंदराबाई उठल्या. "चल माज्या मागं."

आणि नव्या गावच्या त्या सरळ, रुंद सिमेंटच्या रस्त्यावरून त्या चालायला लागल्या. मागं शोभा, तिच्यामागं आम्ही सगळ्या. रस्ता मोकळा होता, तरी त्या कडेनं अंग चोरून चालल्या, बोळातून चालावं तशा. एका ठिकाणी लुगडं जरा वर धरून त्यांनी टांग टाकली. "नाली हाय," मागं न बघता म्हणाल्या. मागच्या बायांनीही टांगा टाकल्या. एकदा डावीकडं वळल्या, एकदा उजवीकडं, आणि रस्त्याच्या मधोमध थांबल्या.

आता कुणी हसत नव्हतं.

"हे आमचं," सुंदराबाई म्हणाल्या. "दार ठेंगणं हाय. डोकी संबाळा."

आणि त्या वाकल्या, एक पाऊल पुढं गेल्या आणि सरळ झाल्या. मागून शोभा वाकली. मग एकामागून एक सगळ्या बाया वाकून पुढं गेल्या. मी वाकले. वळून पाहिलं, तर मागं मुजावरभाई एकटेच राहिले होते. उंचापुरा माणूस. त्यांनी पायातल्या चपला काढून कडेला ठेवल्या, मशीन छातीशी धरलं आणि आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त वाकून ते आत आले.