काकूंच्या भिंतीची ओल

घराचं काम काढायचं ठरलं, तेव्हा एक ठेकेदार आपलं आधीचं काम दाखवायला बाबांना आणि मला ब्रह्मा घाटाजवळच्या एका मराठी काकूंकडे घेऊन गेला. काकूंनी त्याच्यासमोर हिंदीत त्याची तोंडभर स्तुती केली. मग चहा देताना, चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून, मराठीत म्हणाल्या, "बाथरूमच्या भिंतीला ओल येते हो. पण याला कळू देऊ नका, माझं स्वयंपाकघर अजून अर्धवट आहे." त्याला मराठी येत नव्हती. तो बिस्किट खात राहिला.

आम्ही दुसरा ठेकेदार निवडला. पहिल्याचा फोन आला तेव्हा बाबा आंघोळीला गेले होते, म्हणून मी उचलला. मला कुणाला नाही म्हणणं जमत नाही. "कोई कमी रह गई क्या, बिटिया?" असं त्याने इतक्या आपुलकीने विचारलं, की माझ्या तोंडून निघून गेलं, "आंटी कह रही थीं, दीवार में सीलन है." तो नुसतं "अच्छा" म्हणाला.

परवा काकू संकठा देवीच्या देवळात भेटल्या. ठेकेदार त्यांच्याकडे फिरकलाच नव्हता, फोनही घेत नव्हता. सिंक बसलेलं नाही, त्यामुळे त्या भांडी अंगणात घासतात. "तुमच्याकडेच अडकला असेल मेला," त्या हसून म्हणाल्या. "त्याला म्हणावं, काकू वाट बघतायत."

आम्ही त्याला घेतलंच नाही, एवढं तरी सांगता आलं असतं. मी म्हणाले, "हो काकू, सांगते."