फ्रीजवरची लाल चिठ्ठी

फ्रीजमध्ये माझी इन्सुलिनची बाटली गोठली होती. घरात तेवढीच होती, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टोचता येत नाही.

माझा भाडेकरू चाकणच्या कंपनीत माल तपासतो. माझी हाक ऐकून तो धावत आला आणि आधी त्याने फ्रीजवर लाल चिठ्ठी चिकटवली. बिघडलेल्या प्रत्येक वस्तूला तो ती लावतो.

"आजी, आता हात लावायचा नाही."

"फ्रीज माझा हाय, मुडद्या."

त्याने फ्रीजमधला थंडी मोजणारा सेन्सर काढून बर्फाच्या पाण्यात बुडवला, मीटर लावला. आकडा हलेना.

"याला बर्फातबी उन्हाळाच वाटतोय. म्हणून फ्रीज थांबत नाही."

तापातही शिफ्ट न चुकवणारा तो, त्या दिवशी कामावर गेला नाही. आधी इन्सुलिन आणलं, मग नवा सेन्सर बसवला. चिठ्ठी मात्र खात्री होईपर्यंत आठ दिवस काढू दिली नाही.

फ्रीज चालू आहे. मीही आहे.