आनंदी शाळेतली कात्री

शाळेत सगळ्यात जास्त शिव्या कोण खातं असं विचारलं तर लोक मोठ्या बाईंचं नाव घेतील. चूक. मुख्याध्यापिकेला पाठीमागे शिव्या द्यायलाही धीर लागतो, आणि आमच्याकडे तो कुणातच नाही. शिव्या खातो तो प्रॉक्सीचा तक्ता करणारा माणूस. कुणी गैरहजर असलं की त्याचे तास कुणाच्या गळ्यात मारायचे हे ठरवणारा. हे काम गणिताचे एक सर बावीस वर्षं करत होते. आमचे ऑफ, म्हणजे मोकळे, तास कापायचे म्हणून त्यांचं नाव पडलं कात्री. ते नाव मीच पाडलं, आणि बरेच दिवस मला त्याचा अभिमान होता.

सकाळी पावणेसातला ते स्टाफरूमच्या दाराशी उभे असायचे. पट्टीने आखलेला कागद, कानावर पेन्सिल, शर्टाच्या खिशात खोडरबर. आत येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. आम्हाला वाटायचं, कोण उशिरा येतं ते टिपतायत. "बाई, तुमचा चौथा गेला. सहावी क." संपलं बोलणं. हसणं नाही, चौकशी नाही.

माझं घर मोडलं त्या वर्षी पहिल्या तासाला माझे पाय वर्गाकडे वळायचे नाहीत. जिन्याखाली खडूच्या खोक्यांशेजारी उभी राहून रडायचे, तोंड धुवायचे आणि वर जाऊन समास शिकवायचे. कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी कात्री म्हणाले, "बाई, दहावीचा तुमचा पहिला तास काही दिवस मला लागेल. पोरं भूमितीत कच्ची आहेत. तुम्ही तोवर वह्या तपासा."

मी भांडले. म्हटलं, तुमचं गणित तेवढं गणित आणि आमची भाषा काय वाऱ्यावर? त्यांनी तक्त्यात पेन्सिलीने नाव बदललं. तीन आठवडे तो तास त्यांनी घेतला. मी स्टाफरूममध्ये एकटी बसून कधी वह्या तपासल्या, कधी नुसती खिडकीबाहेर बघत बसले, आणि हळूहळू पाय वळायला लागले. त्या वर्गात भूमितीत पैकीच्या पैकी मिळवणारी सात पोरं होती हे मला निकालाच्या दिवशी कळलं. तरी मी त्यांना कात्रीच म्हणत राहिले. उपकार करणाऱ्याचा आपल्याला थोडा रागच येतो.

मुलांशीही त्यांची तीच रीत. एखादं पोर बाकावर दगडासारखं बसलेलं दिसलं की त्याच्या हातात रजिस्टर द्यायचे. "हे खाली ऑफिसात दे. मैदानाला वळसा घालून जा, जिन्याला गर्दी असते." भर तासाला जिन्यावर कुठली गर्दी? पोर दहा मिनिटांनी परत यायचं तेव्हा चेहऱ्यावर जरा रंग आलेला असायचा.

त्यांच्या पत्नी एकदा कापडदुकानात भेटल्या. मी गमतीने म्हटलं, घरीही तक्ता करतात का हो? त्या म्हणाल्या, "दात घासतानासुद्धा बोटं मोजतात. मोठे दीर मास्तर होते ना माझे. एक दिवस शिकवता शिकवता वर्गातच भिंतीकडे तोंड करून बसले. पोरं आधी हसली, मग घाबरली. घंटा होईपर्यंत चाळीस मिनिटं कुणी फिरकलं नाही. दीर पुन्हा शाळेत गेले नाहीत. हे तेव्हापासून असे." मग त्यांनी उशांच्या अभ्र्यांचं कापड फाडून घेतलं आणि गेल्या.

आता पुढचं सांगते, आणि सांगताना तोंड कडू होतं.

गेल्या वर्षी संस्थेने 'आनंदी शाळा' नावाची योजना घेतली. मानांकन मिळणार होतं, दारावर पाटी लागणार होती. ताणमुक्तीचं शिबिर झालं, तेही रविवारी, हजेरी सक्तीची. नकाशांची खोली रिकामी करून 'मनमोकळा कक्ष' झाला. गुबगुबीत गाद्या आणल्या आणि मळतील म्हणून कुलूप घातलं. स्टाफरूममध्ये फळा लागला. रोज आल्यावर आपल्या नावापुढे एक चेहरा चिकटवायचा: हसरा, साधा किंवा रडका. पहिल्या दिवशी तिघांनी भाबडेपणाने रडका लावला. तिघांनाही मोठ्या बाईंनी लेखी खुलासा मागितला. दुसऱ्या दिवसापासून सगळी शाळा दात काढून हसत होती. वर्गांतही तेच फळे लागले. पाचवीतल्या एका मुलीने रडका चेहरा लावला तर तिच्या आईला बोलावून घेतलं, आणि मुलीने घरी मार खाल्ला. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात, इथे तर मलमाचीच जखम.

कात्री रोज साधा चेहरा लावायचे. मोठ्या बाई म्हणाल्या, "सर, हसरा का नाही?"

"दोघं गैरहजर आहेत, बाई. हसून काय करू?"

त्याच सुमाराला चित्रकलेच्या नव्या बाई आल्या होत्या. पोरसवदा, वर्षभराच्या नेमणुकीवर. वर्षाअखेरीस कायम होणार की घरी जाणार एवढाच प्रश्न, आणि घरी कमावणारी तीच. आठवी ब हा वर्ग म्हणजे जित्याजागत्या माणसाला सोलून काढणारा. त्या वर्गात शिरायच्या आधी ती दाराबाहेर भिंतीला हात टेकून श्वास मोजायची. मी पाहिलं होतं. पाहून पुढे गेले होते. कात्रींनी पाहिलं आणि महिनाभर आठवी बचे तिचे आठही तास स्वतः घेतले. तक्त्यात लिहिलं, 'बाई: प्रदर्शनाची तयारी'. प्रदर्शन कुठलं, कुणी विचारलं नाही.

योजनेसाठी सगळे तक्ते संगणकावर चढवले तेव्हा क्लार्कला ते आठ तास सापडले. गैरहजेरी नसताना तास बदलले, सलग महिनाभर, एकाच बाईंचे. पीटीच्या सरांनी स्टाफरूममध्ये मिशीतल्या मिशीत हसून म्हटलं, "या वयात चित्रकलेची आवड लागली वाटतं." आणि लोक हसले. फळ्यावरचे चेहरे आणि त्यांचे चेहरे, मला फरक करता येईना.

तिघांची चौकशी समिती बसली. मोठ्या बाई, पीटीचे सर आणि मी. कात्री समोर उभे. मोठ्या बाई म्हणाल्या, "कारण लिहून द्या. त्यांना काही त्रास आहे का? असेल तर आम्हाला कळायला हवं. आपण आनंदी शाळा आहोत."

खरं कारण लिहिलं की ती पोरगी कायम होणार नाही, हे खोलीतल्या चौघांनाही ठाऊक होतं. न लिहिलं तर पीटीच्या सरांची मिशी गावभर फिरणार होती. कात्रींनी कानावरची पेन्सिल काढली, मग खिशातलं पेन घेतलं आणि लिहिलं, 'हे तास मी माझ्या मर्जीने घेतले. बाईंचा संबंध नाही.'

मला बोलता आलं असतं. माझे तीन आठवडे मला सांगता आले असते. मी हाताची घडी तोंडावर बोट करून बसले आणि ठरावावर सही केली. त्यांना मेमो मिळाला, तक्ता काढून घेतला आणि संगणकाकडे दिला.

मग मानांकनाचे परीक्षक आले. मृदू आवाजाचे, गळ्यात ओळखपत्र. सभागृहात सगळ्यांना गोल बसवलं आणि विचारलं, "मन जड झालं तर तुम्ही कुणाकडे जाता?" उत्तर आम्हाला पाठ करून दिलेलं होतं. मोठ्या बाईंनी डोळ्यांनी खूणही केली. तेवढ्यात चित्रकलेची पोरगी उठली.

"मी कुणाकडेच गेले नाही. जाताच आलं नाही. वर्गाच्या दाराशी माझा श्वास कोंडायचा. या सरांनी ते बघितलं आणि माझे तास घेतले. कधी एका शब्दाने काही विचारलं नाही. त्यांना मेमो दिलाय. तो मागे घ्या."

कात्री मान खाली घालून म्हणाले, "बसा हो बाई, बसा." ती बसली नाही. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि तिचे आभार मानले.

पंधरा दिवसांनी तिला पत्र मिळालं. 'आपल्या मानसिक स्वास्थ्याच्या हिताचा विचार करता आपली सेवा पुढे चालू ठेवता येत नाही.' ही भाषा ज्याने लिहिली असेल त्याच्या हाताने लावलेल्या झाडाला पानसुद्धा येऊ नये. मेमो कुणी मागे घेतला नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मानांकन आलं. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये केक कापला. मोठ्या बाईंनी परीक्षकांचा अहवाल वाचून दाखवला, आणि एक ओळ तर दोनदा वाचली. 'कर्मचारी निर्भयपणे मनातलं बोलतात: दहापैकी दहा.' टाळ्या झाल्या. कात्री केकची ताटली हातात घेऊन उभे होते. ऐकता ऐकता ताटली कलली, केक खाली पडला, त्यांना कळलंही नाही.

घंटा झाली. कुणी हललं नाही. भिंतीवर संगणकाचा छापील तक्ता होता, आणि त्यात आठवी ब समोर अजून तिचंच नाव होतं. वर्गातला आरडाओरडा इथवर ऐकू येत होता. कात्रींनी ताटली ठेवली, डस्टर उचललं, आणि दाराशी येऊन भिंतीला हात टेकून क्षणभर थांबले. श्वास मोजत होते. मी अगदी जवळ उभी होते. माझा तो तास ऑफ होता. "सर, मी जाते" एवढंच म्हणायचं होतं. ते गेले, आणि मी केक संपवला.