पूर्ण उत्तर देणारा माणूस

चारुदत्त साखळकर यांना काही विचारायचे असेल तर आधी खुर्ची घ्यावी, असे आमच्या सनीव्हेलच्या मंडळींत म्हणत. मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते. नागपूरच्या महाविद्यालयातून प्रबंधक म्हणून निवृत्त होऊन मी मुलाकडे, अनिलकडे, राहावयास आलो, आणि साखळकरांचे बिऱ्हाड आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होते. संध्याकाळी आम्ही दोघे फिरावयास जात असू. वक्तशीरपणा हा आमच्या स्नेहाचा पाया. सहा वाजता म्हणजे सहा वाजता ते जिन्यात उभे असत.

"ह्यांना कोणी 'हाऊ आर यू' विचारलं ना काका, तर हे ब्लड प्रेशरसकट सांगतात," त्यांच्या पत्नी सुनेत्राबाई म्हणत. "परवा बँकेतली मुलगी घाबरली हो!"

"विचारलं म्हणून सांगितलं," चारुदत्त शांतपणे म्हणत. "अर्धं उत्तर दिलं की माणूस पुन्हा विचारतो. दोघांचाही वेळ जातो."

ते एका बिनतारी संदेशयंत्रणा तयार करणाऱ्या लहानशा कंपनीत अभियंता होते. विकलेली यंत्रणा नीट चालते की नाही हे पाहणे आणि गिऱ्हाइकांच्या शंका दूरध्वनीवरून सोडविणे हे त्यांचे काम. सकाळी आठ ते पाच ते सेवाकक्षात बसत. या कामी त्यांच्या स्वभावाचा दोष गुण ठरला होता. त्यांच्याकडून कोणी अर्धवट माहिती घेऊन गेला असे कधी घडले नाही.

१९८६च्या फेब्रुवारीत कंपनीने त्यांना हिंदी महासागरातील एका लहान बेट-राष्ट्रात पाठविले. त्या राष्ट्राचे नाव मी येथे देत नाही. मुख्य बेटावरील शासनभवनातून बाहेरच्या अकरा बेटांवरील पोलीस चौक्यांशी बोलता यावे, यासाठी ही यंत्रणा बसविली जात होती. त्या राष्ट्राला स्वतःचे सैन्य नव्हते. शासनभवन, बंदर आणि विमानतळ यांच्या रक्षणासाठी सरकारने एका खाजगी लष्करी कंपनीशी करार केला होता. तिचे तीनशे सशस्त्र शिपाई होते आणि अधिकारी निरनिराळ्या देशांतून निवृत्त झालेले होते. भाड्याने घर घ्यावे तसे त्या सरकारने भाड्याने सैन्य घेतले होते.

यंत्रणा चालविणारा मुख्य चालक निघाला राजाराम. वय पन्नाशीच्या पुढे. त्याचे पणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेले. चार पिढ्यांनंतरही घरात कोकणी वळणाची मराठी टिकली होती, आणि श्रावणात पोथी वाचण्यापुरते देवनागरी बापाने मुलांना शिकविले होते. इंग्रजीशी मात्र त्याचे फारसे जमत नसे. इंग्रजी कार्यपुस्तिका समोर ठेवली की त्याच्या कपाळाला घाम येई, असे चारुदत्त सांगत.

म्हणून परत आल्यावर चारुदत्तांनी त्याच्यासाठी मराठीत वही लिहावयास घेतली. हे त्यांचे कर्तव्य नव्हते. रविवारी दुपारी ते माझ्याकडे मजकूर तपासून घेत.

"'ध्वनिग्राहक' असा शब्द योजावा," मी सुचविले.

"काका, राजारामला 'माईक' कळतो."

"निदान 'वाहिनी' तरी राहू द्या."

"'लाइन' लिहितो. तुम्ही रागावू नका."

बत्तीस पाने झाली. सुवाच्य प्रत मी माझ्या हाताने केली. सोळाव्या पानापासून बाहेरच्या बेटांशी अधिकृत संदेश जोडण्याची पद्धत आणि त्यासाठी लागणारे बारा आकडे होते. हे आकडे वापरून आलेला हुकूम चौकीवरील पोलिसांनी सरकारचाच समजावा, अशी व्यवस्था होती. शेवटच्या पानावर सूचना होती: धोका उद्भवल्यास इंग्रजी व मराठी दोन्ही प्रती तत्काळ जाळाव्यात. मागच्या पुठ्ठ्यावर कंपनीच्या सेवाकक्षाचा दूरध्वनी क्रमांक.

ऑक्टोबरात राजारामचे पत्र आले. दसऱ्याला त्याने वही पूजेत ठेवली होती, हळदकुंकू वाहिले होते. चारुदत्तांनी ते पत्र मला दोनदा वाचून दाखविले. आम्हा दोघांनाही धन्यता वाटली, हे मी नाकारीत नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर. सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी सेवाकक्षातील दूरध्वनी वाजला. तिकडे रात्रीचे आठ-चाळीस झाले होते. बोलणाऱ्याने नाव सांगितले, करार क्रमांक सांगितला. शंका विचारण्याचा अधिकार असलेल्या सहा व्यक्तींच्या यादीत त्याचे नाव तिसरे होते. तो रक्षक कंपनीचा कप्तान होता. चारुदत्तांनी नियमाप्रमाणे यादीवर खूण केली आणि विचारले, "काय अडचण आहे?"

"अडचण लहानच आहे," कप्तान अत्यंत सभ्य इंग्रजीत म्हणाला. "माझ्यासमोर निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. आतली लिपी आम्हाला वाचता येत नाही. वर लाल-पिवळे डाग आहेत, आणि मागे तुमचा फोन नंबर. ही काय वस्तू आहे?"

"ती यंत्रणेची कार्यपुस्तिका आहे," चारुदत्त म्हणाले. "भाषा मराठी. बत्तीस पाने. मीच तयार केली आहे. बाहेरच्या बेटांच्या जोडणीची कृती सोळाव्या पानापासून आहे. तुमचा चालक राजाराम ती उत्तम वाचतो."

 पलीकडे कप्तान हसला, आणि फोनपासून तोंड वळवून कोणाला तरी म्हणाला, "ऐकलंस का बाबा? तुझी प्रार्थना सोळाव्या पानापासून सुरू होते म्हणे!"

चारुदत्तांना काही उमगेना. कप्तानानेच उलगडा केला. सकाळपासून हा मनुष्य सांगत होता की हे देवाचे पुस्तक आहे. इंग्रजी प्रतीची राख डब्यात सापडली होती. मग ही एकच का उरली, याचा त्यांना संशय होताच. "तुमच्यासारखी स्पष्ट बोलणारी माणसं दुर्मिळ झाली आहेत," तो म्हणाला. "आम्ही आभारी आहोत."

"पण तिथे झालं काय आहे?"

"सरकार आमचा करार संपवणार होतं. आज पहाटे आम्ही सरकारच संपवलं. आता बाहेरच्या चौक्यांना तसं कळवायला हवं, नाही का? घ्या, तुमच्या मित्राशी बोला. त्याला म्हणावं, एकेक ओळ इंग्रजीत सांग."

राजारामचा आवाज आला, तो नेहमीपेक्षा सावकाश.

"दादा, हंय बंदूकवाले आसत. मी तेंका देवाची पोथी म्हणान सांगितलंय."

"राजारामभाऊ, मला माहीत नव्हतं हो. मला खरंच..."

"तुमका खंयसून ठाऊक असतला? इंग्रजी जाळलंय मी. ही जाळूक हात झालो नाय. कुंकू लावलेला होता." एक धपका ऐकू आला, पण तो बोलत राहिला. "भायरच्या बेटार माजो जावई चौकीत आसा. तुमी आकडे सांगू नका."

"इंग्रजीत!" कप्तान ओरडला. मग फोन स्वतःकडे घेऊन पूर्वीच्याच सभ्यतेने म्हणाला, "उद्या याच वेळी फोन करीन. तुमच्याकडे इंग्रजी प्रत असेलच. तोवर हा आमच्याकडे आहे."

इंग्रजी प्रत होती. सेवाकक्षाच्या लोखंडी कपाटात, तिसऱ्या खणात, चारुदत्तांनीच क्रमांक घालून ठेवलेली.

विभागप्रमुखांनी सर्व ऐकून घेतले. ते सज्जन गृहस्थ होते. त्यांनी वॉशिंग्टनला फोन केले, वकिलांना फोन केले. दुपारी तीन वाजता आदेश आला: बंडखोरांशी कंपनीच्या कोणीही, कोणत्याही कारणाने बोलू नये. फोन वाजला तर उचलू नये.

"मी आकडे देणार नाही," चारुदत्त म्हणाले. "फक्त त्या माणसाला सोडा, एवढं सांगतो."

"आणि त्यांनी विचारलं, आकडे देता की त्याला मारू, तर?" विभागप्रमुखांनी विचारले. "आकडे दिले, तर अकरा चौक्यांवरच्या लोकांना खोट्या हुकमावर बंदराच्या धक्क्यावर बोलावून पकडतील. चारुदत्त, तुझं उत्तर काय असेल?"

चारुदत्त उठून आपल्या टेबलापाशी जाऊन बसले.

बुधवारी आठ-चाळीसला फोन वाजला. गुरुवारी वाजला. शुक्रवारी वाजला. कक्षातील इतर माणसे आपापली टेबले सोडून बाहेर जाऊन उभी राहत. चारुदत्त मात्र यंत्राजवळ बसून असत. त्या दिवसांत संध्याकाळी ते सहाला जिन्यात नसत, म्हणून मीच वर जाऊन बसे.

त्यांनी भारतीय वकिलातीला फोन केला. राजाराम भारताचा नागरिक नाही, असे उत्तर मिळाले. स्थानिक लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात ते गेले. तेथील मुलीने आस्थेने सारे लिहून घेतले आणि विचारले, "ते आपले कोण?" एरवी ज्यांनी या प्रश्नाला दहा मिनिटे दिली असती, ते चारुदत्त म्हणाले, "कोणी नाहीत." ती म्हणाली, नातेवाईक नसेल तर अर्जाचा हा रकाना भरता येणार नाही.

"उचला ना तो फोन!" शुक्रवारी संध्याकाळी सुनेत्राबाई माझ्यादेखत म्हणाल्या. "नोकरी गेली तर गेली. मी करीन काहीतरी. उपाशी नाही मरत इथे कोणी."

"नोकरीचा प्रश्नच नाही गं."

"मग कशाचा आहे?"

"उचलल्यावर काय बोलू, ते तू सांग."

 सुनेत्राबाई उठून आत गेल्या.

शनिवारी कचेरीला सुट्टी होती. चारुदत्तांकडे किल्ली होती, आणि मला घरी बसवेना, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेलो. आठ-चाळीसला फोन वाजू लागला. कक्षात आम्हा दोघांखेरीज कोणी नव्हते. आदेश मोडला असता तर कोणाला कळलेही नसते. चारुदत्तांनी रिसीव्हरवर हात ठेवला.  उभ्या आयुष्यात मी नियमांची पुस्तके सांभाळली, पण त्या वेळी 'उचला' म्हणावे की 'उचलू नका' म्हणावे, हे मला ठरविता आले नाही. सव्वीस वेळा घंटी वाजली. त्यांच्या हाताखाली ती थरथरत होती. मग थांबली.

रविवारी आम्ही पुन्हा गेलो आणि दुपारपर्यंत बसलो. फोन वाजला नाही.

पुढच्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, वृत्तपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी आल्या. शेजारच्या एका राष्ट्राच्या आरमाराने बंदर ताब्यात घेतले होते. बंडखोर शरण आले होते. जुने सरकार परतले होते. बाहेरच्या चौक्या अखेरपर्यंत सरकारशी एकनिष्ठ राहिल्या, असे त्यात होते. म्हणजे आकडे कोणी सांगितले नव्हते. चारुदत्तांनी ती ओळ वाचली आणि वृत्तपत्र घडी करून माझ्या हाती दिले.

राजारामच्या घरच्या पत्त्यावर पाठविलेली दोन पत्रे 'येथे राहत नाहीत' असा शिक्का घेऊन परत आली. जानेवारीत तेथील शासनाचा टेलेक्स आला: दोन नव्या चालकांना प्रशिक्षण द्यावे. चारुदत्तांनी उत्तरात एकच प्रश्न विचारला. पूर्वीचा मुख्य चालक कोठे आहे? तीन आठवड्यांनी लेखी उत्तर आले. सदर कर्मचारी १८ नोव्हेंबरपासून कामावर हजर झालेला नाही. विनापरवाना गैरहजेरीमुळे त्याचे नाव सेवापटावरून कमी करण्यात आले आहे, आणि कुटुंबास कोणताही लाभ देय नाही.

त्या संध्याकाळी चारुदत्त कागद घेऊन खाली आले.

"काका, तुमचं आयुष्य अशा पत्रांत गेलं. याला उत्तर कसं लिहितात?"

मी मसुदा करावयास बसलो. पहिला फाडला, दुसराही फाडला. माझ्या वाक्यांत 'विनंती' आणि 'कृपया' यांखेरीज काही उतरेना. शेवटी चारुदत्तांनीच कागद पुढे ओढला आणि इंग्रजीत लिहिले: हा मनुष्य गैरहजर नव्हता. १८ नोव्हेंबर रोजी रात्री आठ वाजून एकोणपन्नास मिनिटांनी तो आपल्या खोलीत, आपल्या कामावर होता. त्या वेळी मी त्याच्याशी बोललो आहे. तो काय म्हणाला, हे मी शपथेवर सांगावयास तयार आहे.

त्याखाली त्यांनी संपूर्ण नाव, पत्ता, घरचा आणि कचेरीचा दूरध्वनी क्रमांक लिहिला. पत्र तीन ठिकाणी नोंदणीकृत टपालाने पाठविले. तिन्ही पोचपावत्या वेळेवर आल्या. त्यानंतर चार महिने चारुदत्त कोणाच्याही फोनला, पहिली घंटी पुरी होण्याच्या आत, धावत जाऊन उत्तर देत. राजारामविषयी कोणी काहीही विचारले नाही.