हरले नाही, हरलो

“हरले नाही, हरलो म्हण!” काका हातातली चकली उगारून माझ्यावर ओरडायचे.

इकडे अमेरिकेत, पार्सिपनीतल्या आमच्या मराठी मंडळींत काका सगळ्यांत जुने. निवृत्त इंजिनिअर. आम्ही काल-परवा व्हिसावर येऊन पडलेले. ते आमच्या जन्माआधीपासून इथे. तुमच्याही ओळखीत असे एक काका असतीलच, ज्यांच्या शेजारची खुर्ची सगळे टाळतात. आमच्या काकांचा विषय एकच: त्यांच्या कॉलेजची अमेरिकन फुटबॉल टीम. त्यातही एकच सीझन, ते शिकायला आले त्या पहिल्या वर्षाचा.

बरं, टीम जिंकलेली असती तर ऐकलंही असतं! ही टीम एक मॅच सोडून बाकी सगळ्या हरली होती. आणि काका प्रत्येक हार तपशीलवार सांगायचे. गणपतीच्या जेवणात ताटातच व्यूह मांडायचे. लाडू म्हणजे बचाव, चकली म्हणजे चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक. “इथे आपला बॉल सुटला!” म्हणून चटणीत बोट आपटायचे. शेवटी काकू वैतागायच्या, “अहो, तो क्वार्टरबॅक खा आता, सादळला.”

“ते हरले, काका. त्यात तुमचं काय गेलं?” मी मुद्दाम काडी टाकायचो. मग चकली उगारली जायचीच.

एका वर्षी कॉलेजने त्या जुन्या टीमचा सत्कार ठेवला. मॅचच्या मध्यंतरात, टीव्हीवर दिसणार होता. काकांनी घरोघरी फोन केले. एकदा कुणीतरी शेजारी बसून हे बघावं, एवढीच त्यांची इच्छा. पण कुणाच्या मुलीचं भरतनाट्यम, कुणाचं क्रिकेट, कुणी नुसतंच “सॅटर्डे आहे, यार.” मी तेवढा गेलो, तोही काकूंच्या साबुदाणावड्यांवर डोळा ठेवून.

टीव्हीवर म्हातारे खेळाडू मैदानात आले. कुणी काठी टेकत, कुणी वॉकर ढकलत. अख्खं स्टेडियम उभं राहिलं. इकडे बेसमेंटमध्ये काकाही उभे.

“हरणाऱ्यांचा कसला सत्कार?” मी म्हणालोच. जीभ कुठे आवरते!

काका चिडले नाहीत. “त्या कॉलेजच्या गावात माझं नाव कुणाला धड घेता येत नव्हतं रे. दिवाळी कधी आली, कधी गेली, कळलं नाही. एकदा असेच हरलो. कडाक्याची थंडी. स्टेडियममध्ये शेजारी बसलेल्या एका गोऱ्या म्हाताऱ्याने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, ‘वी लॉस्ट, सन.’ वी! त्या ‘वी’त मी होतो.”

मी वडा खाली ठेवला. आम्हीही दिवसभर कंपनीला ‘वी’च म्हणतो की! वी लाँच केलं, वी टार्गेट गाठलं. एके सकाळी ईमेलवरून हाकललं की कळतं, त्या ‘वी’त आपण कधी नव्हतोच. आणि हसतो कुणाला, तर काकांना.

काका मागच्या हिवाळ्यात गेले. फार आठवतात, सादळलेल्या चकलीसकट.

परवा शनिवारी काकूंचा फोन आला. काकूंना फुटबॉलचा भयंकर तिटकारा.

“काय रे, त्यांच्या टीमचं आज काय झालं? मला मेला तो टीव्ही लावता येईना.”

“हरलो, काकू.”

काकू म्हणाल्या, “परत हरलो?”